आमच्या नावावर बिल फाडू नका

मालिकेच्या लेखकाला विचारा, 'सुनेच्या दुधात विष, सासऱ्याच्या औषधात विष आणि नवऱ्याच्या डोक्याला मार लागून विस्मरण, हे किती दिवस चालायचं?' तो वाहिनीकडे बोट दाखवतो. वाहिनी टीआरपीकडे दाखवते. टीआरपीचं बोट थेट आमच्याकडे. 'काय करणार, ग्रामीण प्रेक्षकाला हेच लागतं!'

ग्रामीण प्रेक्षक म्हणजे कोण? म्हणजे आम्हीच की. नाशिक जिल्ह्यातलं कळवण, अभोणा, कनाशी, दळवट.

आम्हाला विचारलं कोणी होतं?

विचारायची एक पद्धत आहे म्हणे. साऱ्या देशात पन्नास-साठ हजार घरांतल्या टीव्हींना टीआरपी मोजणाऱ्या 'बार्क'चं मापयंत्र बसवलेलं असतं. त्या घरांनी जे पाहिलं ते देशाने पाहिलं. ती घरं कोणती, हे गुपित. आमच्याकडे मतदारयादीत वारलेली माणसंसुद्धा सापडतात. टीआरपीवाला माणूस जिवंत असून आजवर कुणाला सापडला नाही.

२०२०च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याची वाच्यता केली. ठरावीक चॅनेल चालू ठेवायला काही घरांना पैसे दिले जात होते, असा आरोप होता. म्हणजे हे पाहायचं तर प्रेक्षकाला मजुरी द्यावी लागते. आम्ही वेगळं काय म्हणत होतो?

बरं, आमच्या नावाने काढलेल्या मालिकेत आम्ही कुठे असतो? मराठी वाहिनीच्या नकाशात गावं तीनच. कोल्हापूर, सातारा आणि कोकण. 'तुझ्यात जीव रंगला'तला राणादा कोल्हापूरचा, 'लागिरं झालं जी'तला फौजी साताऱ्याचा, 'रात्रीस खेळ चाले'तले अण्णा नाईक कोकणातले. नाशिक जिल्हा आठवतो तो पैठणी आणायला. तोही येवल्यापर्यंतच.

तोंडात दोनदा 'आरं' आणि चारदा 'लय' कोंबलं की झाला गावचा माणूस. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आमच्या कसमादे पट्ट्यात माणसं एकमेकांना 'भो' म्हणतात. या 'भो'ला अजून मुंबईचं तिकीट मिळालेलं नाही.

अनिता दाते नाशिकची. तिला 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये नागपूरची राधिका केली. फक्कड केली तिने, शंकाच नाही. उद्या मालिकेत नाशिकची बाई हवी असेल तर नागपूरहून नटी मागवतील.

आता या ग्रामीण प्रेक्षकाला जरा जवळून पाहू.

एप्रिल-मे. उन्हाळ कांदा चाळीत भरायच्या आधी बायका निवडायला बसल्यात. गोणपाट अंथरलेलं, डोक्याला रुमाल, उपड्या घमेल्याला टेकवून ठेवलेला मोबाइल, त्यावर कालचा भाग. हात कांद्यावर, कान मालिकेवर, जिभा मोकळ्या. नायिका नेहमीप्रमाणे दाराआडून निम्मंच बोलणं ऐकते आणि तोंडाला पदर लावून पळते. एक म्हातारी सडका कांदा मागे भिरकावत म्हणते, 'इले पुरं ऐकाले काय व्हस वं?'

मराठी मालिकांवरचं इतकं नेमकं परीक्षण मी कुठल्याच पेपरात वाचलेलं नाही.

तिने पुरं ऐकलं तर मालिका त्याच दिवशी संपेल, हे म्हातारीला ठाऊक आहे. लेखकालाही ठाऊक आहे. फरक एवढाच की त्या ठाऊक असण्याचा पगार लेखकाला मिळतो.

पलीकडची सून विचारते, 'हिच्या घरी नळाला पाणी किती वाजता येतं?' प्रश्न बिनतोड आहे. पहाटे उठल्या उठल्या कानात झुमके, गळ्यात ठुशी, अंगात काठपदर. पाणी भरायचं नाही, गॅस सिलिंडर संपत नाही, पोराच्या डब्याला उशीर होत नाही. वाहिनीच्या बैठकीत ही सून नेऊन बसवली तर निम्म्या मालिका कागदावरच बंद पडतील.

आणि हो, या बायका मालिका निवडूनच पाहतात, कांद्यासारखी. जोड बाजूला, गोल्टी बाजूला, सडका उकिरड्यावर. मधली पंधरा मिनिटं बोटाने पुढे सरकवतात. बावीस मिनिटांचा भाग सात मिनिटांत उरकतो. मग 'अमुक लाख लोकांनी पाहिला' म्हणून पेढे कोण वाटतं? वाहिनी.

मालिकेतल्या घरात एक गोष्ट कधी पाहिलीत? झुंबर असतं, देव्हारा असतो, जिना तर असतोच. जिन्यावरून पडायचं असतं ना. टीव्ही मात्र नसतो. असला तरी लावलेला नसतो. मालिकेतली माणसं मालिका पाहत नाहीत.

शहाणी आहेत.

कानाखाली बसते एकदाच. आवाज तीनदा. त्यावर घरातल्या अठरा माणसांचे अठरा चेहरे, प्रत्येकाला वेगळी वीज. आमच्या सप्तशृंगी देवीला अठरा हात आहेत म्हणून आम्हाला अठरा या आकड्याचं कौतुक. पण इथे अठरा चेहरे आणि भाव एकच, 'आपला क्लोजअप कधी संपणार?'

राधिकेने मसाल्याचा धंदा काढला आणि बघता बघता तीनशे कोटींची कंपनी उभी केली. आमच्याकडचे बचत गट नागलीचे पापड लाटतात. त्यांना तीन लाखांच्या कर्जासाठी सतरा कागद जोडावे लागतात. तीनशे कोटींना बहुतेक कागद लागत नाहीत.

'रंग माझा वेगळा' तर कमालच. सावळ्या मुलीला समाज कसा छळतो, ही गोष्ट. नायिका घेतली गोरी आणि तिच्या तोंडाला रोज काळा रंग लावला. सावळी मुलगीही सुंदर असते हे महाराष्ट्राला पटवून द्यायचं, आणि त्यासाठी महाराष्ट्रात एक सावळी मुलगी मिळू नये? कळवणच्या एसटी स्टँडवर पाच मिनिटं उभं राहायचं होतं. गाडी यायच्या आत नायिका मिळाली असती. गाडीला वेळ असतोच.

'ठरलं तर मग'मधला आश्रमातल्या खुनाचा खटला वर्षानुवर्षं चालला. वकील नायक, पुरावे खलनायकाच्या कपाटात, साक्षीदार ऐन वेळी गायब, पुढची तारीख. लोक हसतात. मी नाही हसत. या एकाच बाबतीत मराठी मालिका पूर्णपणे वास्तववादी आहे.

ही गोष्ट तरी आपली आहे का? 'ठरलं तर मग' मूळ तमिळ. 'आई कुठे काय करते' मूळ बंगाली. 'सुख म्हणजे नक्की काय असतं' तेही बंगाली. 'रंग माझा वेगळा' मल्याळमवरून. कथा कोलकात्याची, कट चेन्नईचा, मंगळसूत्र तेवढं आपलं.

पण त्या 'आई कुठे काय करते'च्या प्रश्नाला उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्यासाठी दागिने दिले ते त्यांच्या पत्नीने, सरस्वतीबाईंनी. कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडायच्या त्या, फिल्म धुवायच्या त्या, आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करायच्या. सिनेमात तारामती झाला साळुंके नावाचा पुरुष. आई कुठे काय करते? पडद्यामागे सगळं करते, श्रेयनामावलीत नसते.

फाळके वारले तेही नाशिकला, १९४४ साली. आता पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आणि इगतपुरीजवळ मुंढेगावला चित्रनगरी होणार आहे. होणार आहे, होणार आहे. एका घोषणेचे इतके रीटेक फाळक्यांच्या उभ्या हयातीत झाले नसतील.

'जुनं ते सोनं'वाल्यांनी एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत. 'चार दिवस सासूचे' २००१ला सुरू झाली ती २०१३ला थांबली. तीन हजारांहून जास्त भाग. चार म्हणजे किती, हे वाहिनीला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि 'रामायण'? १९८७ला गल्ली ओस पडायची, हे खरं. पडणारच. गल्लीत टीव्ही एक, चॅनेल एक, रविवार एक. २०२०च्या टाळेबंदीत ती मालिका पुन्हा दाखवली आणि दूरदर्शनने एका दिवसात ७ कोटी ७० लाख प्रेक्षकांचा जागतिक विक्रम जाहीर केला. घराबाहेर पडलं तर पोलिसांची काठी होती. असा बंदोबस्त असेल तर माझ्या सदरालाही विक्रमी वाचक मिळतील.

'होम मिनिस्टर'ने बायकांना बोलतं केलं, हे मानतो. २००४पासून आदेश बांदेकर घरोघरी फिरले, 'भावोजी' झाले. पण २०२२ला 'महामिनिस्टर' निघालं आणि बक्षिसाची पैठणी झाली अकरा लाखांची. अकरा लाखांची साडी नेसून बाई बसणार कुठे? आमच्याकडे तेवढ्यात ट्रॅक्टर येतो, वर ट्रॉली. आणि ट्रॅक्टरला फॉल-पिको लागत नाही.

'बिग बॉस मराठी'चं पाचवं पर्व २०२४ला मोढव्याच्या सूरज चव्हाणने जिंकलं. खेड्यातल्या पोरांनी धडाधड मतं दिली. लगेच सिनेमा निघाला, 'झापुक झुपूक'. हिशेब सोपा होता, मत देणारे तिकीट काढतील. २०२५च्या एप्रिलमध्ये तो आला आणि आडवा झाला. मत फुकट असतं भो, तिकीट विकत. ग्रामीण प्रेक्षकाला एवढा फरक कळतो.

तिकिटाचं निघालंच आहे तर ऐका. कळवणच्या माणसाला मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमा पाहायचा तर नाशिक गाठावं लागतं. जायला दोन तास, यायला दोन तास, मध्ये दोन तासांचा सिनेमा. एवढ्या वेळात लोक सप्तशृंग गडावर जाऊन नवस फेडून येतात. तिथे निदान प्रसाद मिळतो.

२०१५च्या एप्रिलमध्ये सरकारने फर्मान काढलं, मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइमला मराठी सिनेमा लागलाच पाहिजे. संध्याकाळी सहा ते नऊ. शोभा डे यांनी ट्विटरवर टोमणा मारला, पॉपकॉर्नऐवजी आता मिसळ-वडापाव का, तर मोर्चा त्यांच्या दारात. गदारोळ झाला, बैठका झाल्या, आणि प्राइम टाइमची व्याख्या ठरली दुपारी बारा ते रात्री नऊ. म्हणजे सरकारदरबारी आता दुपारी सव्वाबाराही प्राइम टाइम. त्या वेळी शेतकरी बाजार समितीत, मास्तर शाळेत आणि कारकून डबा उघडतोय.

प्रेक्षक येत नाही म्हणून शो काढला, असं मग मल्टिप्लेक्सवालेच सांगतात.

'बाईपण भारी देवा' आला २०२३च्या जूनअखेर. गावोगावच्या बायका गाड्या करून, एकसारख्या साड्या नेसून, गॉगल लावून गेल्या. सिनेमा ठीकठाक. सहा बहिणींची भांडणं मंगळागौरीच्या स्पर्धेत मिटतात. इतक्या स्वस्तात भांडणं मिटत असती तर कोर्टांना कुलपं लागली असती. प्रश्न वेगळाच आहे. त्या बायका सिनेमाला गेल्या होत्या की दिवसभर घराबाहेर? निर्मात्यांनी पहिलं उत्तर धरलं आणि पुढचे सिनेमे काढले. बायका दुसऱ्या उत्तरावर ठाम आहेत. त्या आता सहलीला जातात.

'वेड' तेलुगूवरून. गाणी गाजली, पैसा मिळाला, रितेश-जेनेलियाची जोडी गोड. बास.

'सैराट'चं उलटं पाहा. करमाळ्याकडची भाषा, तिथली विहीर, तिथला ऊस, तिथलीच नवखी पोरं. २९ एप्रिल २०१६ला लागला आणि मराठीत कुणी स्वप्नातही न पाहिलेला गल्ला जमवला. मग त्याची कन्नड झाली, पंजाबी झाली, ओडिया झाली, बंगाली झाली, हिंदीत 'धडक' झाला. करमाळ्याचा सिनेमा साऱ्या देशाला कळला, कारण तो करमाळ्याचाच होता. सगळ्यांना कळावा म्हणून कुठलाच नसलेला सिनेमा काढतात, तो कुणालाच कळत नाही. शेवटची ती दोन मिनिटं आठवतात? बाळ रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं आणि आवाज बंद. एकही वीज नाही, ढोल नाही, अठरा चेहरे नाहीत. थेटरात पॉपकॉर्न चावायचा आवाज थांबला होता. आमच्या गावंढळ डोक्यांना समजावून सांगावं लागतं म्हणणाऱ्यांनी त्या रात्री थेटराबाहेर पडणारी आमची पोरं पाहायला हवी होती. एरवी शिट्ट्या मारणारी. एकही जण बोलत नव्हता.

त्यातून मराठी निर्माते काय शिकले? गाणी झिंग आणणारी हवीत.

'साबर बोंडं'ला २०२५च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च बक्षीस मिळालं. संगमनेरकडच्या खेड्यातला सिनेमा. संगमनेर आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, सनडान्स अमेरिकेत. बातमी आली ती अमेरिकेकडून.

महोत्सवी सिनेमावाल्यांनाही एक चिमटा, नाहीतर रुसतील. तुमच्या सिनेमात शेतकरी गप्प का असतो हो? बांधावर बसतो, क्षितिजाकडे पाहतो, बैल त्याच्याकडे पाहतो, आपण घड्याळाकडे. खरा शेतकरी इतका गप्प? एकदा कळवणला कांद्याच्या लिलावाला या. साउंड रेकॉर्डिस्ट कानातलं काढून पळेल.

'स्थळ' मात्र याला अपवाद. चंद्रपूरकडची गोष्ट, पोरीला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची. नाव काय, उंची किती, छंद कोणता. तेच प्रश्न, तेच पोहे, तीच खाली घातलेली मान. एक प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवलाय, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त टोचतो. मालिकाही एकच प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवतात. त्या टोचत नाहीत, त्या पाठ होतात.

सस्पेन्स, ट्विस्ट वगैरे शब्द आमच्यासमोर जपून वापरा. ७ डिसेंबर २०२३ला रात्री शेतकरी कांद्याचा भाव मोजत झोपला आणि ८ तारखेला निर्यातबंदी घेऊन उठला. प्रोमो नाही, महाएपिसोड नाही, पार्श्वसंगीत नाही. असला धक्का मराठी मालिकेच्या कुठल्या लेखकाने दिलाय? पुढच्या मे महिन्यात बंदी उठली तर चाळीस टक्के शुल्क बसलं. दुसरा सीझन.

इतिहासपटांवर बोलायचं तर आधी चिलखत घालावं लागतं. तरी बोलतो. 'तान्हाजी' २०२०ला आला, 'सुभेदार' २०२३ला. एकाच दशकात कोंढाणा दोनदा सर झाला. 'पावनखिंड' झाली, 'शेर शिवराज'मध्ये प्रतापगड झाला. पुढे 'छावा'. त्यातल्या लेझीमवरून सिनेमा लागायच्या आधी वाद, प्रसंग कापला, आणि वाद विझायच्या आत आगाऊ बुकिंग फुल्ल. विकी कौशलने जीव ओतलाय, मानलं. पण सगळेच मावळे जमिनीपासून वीतभर वर तरंगत का येतात? स्लो मोशनमध्ये घोडासुद्धा विचारात पडल्यासारखा दिसतो.

आणि सगळ्या लढाया सह्याद्रीच्या त्याच टोकाला का? आमच्या बागलाणातला साल्हेर महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. १६७२ला तिथे मराठ्यांनी मोगलांना समोरासमोरच्या लढाईत हरवलं. गनिमी कावा नाही, उघड मैदान. २०२५च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत बारा किल्ले घेतले, त्यात साल्हेर आहे. पॅरिसला दिसला. अंधेरीला केव्हा दिसणार?

मालेगावने असली वाट कधी पाहिली नाही. तिथल्या नासिर शेखने व्हिडिओ पार्लर चालवता चालवता थेट सिनेमाच काढला. 'मालेगाव के शोले'. मग 'मालेगाव का सुपरमॅन'. मुंबईत क्रेन लागते, ट्रॉली लागते. यांनी सायकलीला ट्रॉली केलं. यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी हिरो व्हायचं, खलनायक व्हायचं. त्यावर फैजा अहमद खानने २००८ला माहितीपट केला, तो जगभर फिरला. २०२५च्या फेब्रुवारीत रीमा कागतीचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' आला. मालेगावला सिनेमा काढायला मुंबई लागली नाही. मुंबईला मात्र मालेगाव लागलं.

तिथला प्रेक्षकही ऐकून घेणारा नाही. २०२३च्या दिवाळीत 'टायगर ३' लागला तेव्हा मोहन थेटरात चालू सिनेमात फटाके फुटले. सलमान पडद्यावर गोळ्या झाडतोय आणि पब्लिक खुर्च्या सोडून पळतंय. गुन्हा दाखल झाला, व्हायलाच हवा होता. पण थ्री-डीचा चष्मा न लावता एवढा अनुभव कुणी दिला नसेल.

तोवर आमच्या पोरांनी टीव्ही सोडलाच. हातात मोबाइल, मोबाइलवर यूट्यूब, यूट्यूबवर मालेगावचा छोटू दादा. विनोद पांचट, कथा पोस्टकार्डावर मावेल एवढी, आणि पाहणारे कोटींनी. नाक मुरडायचं तर मुरडा. पण तिथे घर आमच्यासारखं, गल्ली आमच्यासारखी आणि शिव्या तर अगदीच आमच्यासारख्या.

'बबल्या इकस केसावर फुगे' आठवतंय? आमच्याकडच्या लग्नात डीजेवर हे अहिराणी गाणं वाजल्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरेना. मग पुण्या-मुंबईच्या पोरींनी त्यावर रील काढले. तेव्हा कुठे शहाण्यांना शोध लागला की, अरे, खान्देशकडेही लोक राहतात!

गाण्याला ना वाहिनीने वेळ दिली, ना मल्टिप्लेक्सने शो. तरी गाजलं. टीआरपीवाल्या घरांना कुणी कळवलं का?

आता देवीचं. २०२४च्या नवरात्रात एका वाहिनीने 'उदे गं अंबे' आणली, साडेतीन शक्तिपीठांची कथा. त्यातलं अर्धं पीठ आमच्या कळवण तालुक्यात, सप्तशृंग गडावर. गावात पहिल्या दिवसापासून एकच चौकशी: 'आपली बारी केव्हा?' दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहणारी माणसं आम्ही. बारी म्हटलं की धीर धरतो. पण मालिका पहिल्या पीठातच रमली. ग्राफिक्सचे राक्षस, ग्राफिक्सचे ढग, ग्राफिक्सचा डोंगर.

खरा डोंगर इथे आहे, आणि त्यावर वर्षातून दोनदा जे घडतं त्याची पटकथा कुणी लिहिली तरी निर्माता म्हणेल, 'पटत नाही.' चैत्रोत्सवात आणि नवरात्रात दरेगावचा मानकरी झेंडा घेऊन रात्री निघतो. देवळाच्या वरचा सुळका, जिथे दिवसाही वाट दिसत नाही, तिथे तो एकटा चढतो आणि मध्यरात्री कीर्तिध्वज लावतो. सकाळी खालून लोक पाहतात, शिखरावर झेंडा फडकतोय. चढताना कुणी पाहिलेलं नसतं.

मालिकेत हाच प्रसंग तीन आठवडे पुरला असता. पाय घसरतो, ब्रेक. दोर तुटतो, ब्रेक. खाली बायको देव पाण्यात ठेवून बसलेली, खलनायकाचा माणूस वर दबा धरून, आणि शनिवारी 'पाहा महाएपिसोडमध्ये'. गडावर यातलं काही दाखवत नाहीत, म्हणून तर अंगावर काटा येतो. कुठे कापायचं हे त्या डोंगराला कळतं. एडिटरला कळत नाही.

वाहिनीवाल्यांना आमंत्रण आहे. पुढच्या चैत्रात या. खान्देशातून लाखो माणसं पायी येतात, पायथ्याच्या नांदुरीला चहाच्या टपरीवर उभे राहा आणि कान उघडे ठेवा. सासू-सुनेची अशी खडाजंगी कानावर येईल की कोलकात्याला रॉयल्टी पाठवायची गरज पडणार नाही. एकच सांगतो, बोलणं दाराआडून निम्मं ऐकून पळू नका. कॅमेरा आणलात तर उत्तम. नाही आणलात तरी अडणार नाही, समोरच्या प्रत्येकाच्या हातात तो आहे आणि तुमचं शूटिंग सुरूही झालेलं असेल.